शंकरपट आणि झाडीपट्टीची रंगभूमि

झाडीपट्टीच्या नाटकांविषयीं नागपुरांत बोलणें निघालें म्हणजे दोन प्रकारचे रसिक हटकून भेटतात. पहिले म्हणतात, हीं नाटकें म्हणजे जत्रेंतला करमणुकीचा माल; त्यांत वाङ्मय शोधणें म्हणजे वाळूचे कण रगडण्यासारखें आहे. दुसरे म्हणतात, इतर ठिकाणीं नाटकगृहें ओस पडत असतां जेथें हजारों माणसें तिकीट काढून रात्रभर नाटक पाहतात, ती रंगभूमि आपलें अभिमानस्थान होय, आणि तिची चिकित्सा करणें हा द्रोह होय. हीं दोन्ही मतें आम्हांस सारखींच अपुरीं वाटतात. कारण दोन्ही पक्ष नाटक तेवढें उचलून पाहतात, आणि ज्या दिवसाच्या पोटीं ती रात्र जन्मास येते त्या दिवसाकडे पाठ फिरवितात. तो दिवस शंकरपटाचा. या नाटकांचे गुण आणि दोष या दोहोंची किल्ली त्या दिवसापाशीं आहे, असें आमचें मत आहे. ती लावून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

ज्या वाचकांनीं पट पाहिला नसेल त्यांच्यासाठीं थोडें वर्णन आवश्यक आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे आणि त्यांस लागून असलेली नागपूर जिल्ह्याची पूर्वेकडील कड, एवढ्या धानाच्या व तलावांच्या मुलखास झाडीपट्टी म्हणतात. धान कापून मळणी झाली, घरांत चार पैसे आले, म्हणजे येथें करमणुकीचा हंगाम लागतो. भाऊबीजेपासून गांवोगांव मंडई भरूं लागते आणि होळीपर्यंत या ना त्या निमित्तानें हा क्रम चालतो. ज्या गांवीं पट ठरतो तेथल्या लेकीजांवयांना निरोप जातात, पाहुण्यांनीं घरें भरतात, आणि सोयरिकीच्या गोष्टीही याच गर्दींत निघतात. गांवाबाहेरच्या मोकळ्या शेतांत शर्यतीची वाट आंखतात. कोठें दोन जोड्या शेजारशेजारच्या वाटांवर एकदम सोडतात, तर कोठें एकेक जोडी सोडून घड्याळावर सेकंद मोजतात. गाडी म्हणजे नांवाचीच. दोन चाकांचा हलका छकडा, आणि त्यावर जीव मुठींत धरून बसलेला धुरकरी. जोडी सुटली कीं धुळीचा एक लोट, एक आरोळी, आणि निकाल. ज्या जोडीला मालकानें वर्षभर मुलासारखें खाऊं घातलें तिची परीक्षा कांहीं सेकंदांत आटोपते.

पट केवळ झाडीपट्टींतच भरतात असें नाहीं. वऱ्हाडांत अमरावती जिल्ह्यांतील तळेगांव दशासर येथील पटाचें नांव सर्व विदर्भांत आहे, आणि तेथें स्त्रियाही धुरकरी होऊन जोडी हांकतात. हें ऐकून ज्यांना नवल वाटतें त्यांनीं ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळांतील १०२ वें सूक्त पाहावें. त्यांत मुद्गलाची पत्नी मुद्गलानी बैलाचा रथ हांकते आणि जय मिळविते. आणि त्या बैलाचा जोडीदार दुसरा बैल नसून लांकडाचा द्रुघण आहे. तो प्रसंग युद्धाचा कीं शर्यतीचा, याविषयीं पंडितांत वाद आहे. आमचें नागपूर तान्ह्या पोळ्याचें गांव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं पोरें चाकांवरचे लांकडी बैल ओढीत गल्लींतून निघतात तेव्हां आम्हांस हटकून त्या द्रुघणाची आठवण होते. हें नातें वंशाचें नव्हे, कल्पनेचें आहे. पट फार जुना आहे एवढ्यावरून तो चांगला ठरावा, यासाठींही आम्ही मुद्गलानीस साक्षीला बोलावीत नाहीं. धांवत्या जनावराकडे पाहून माणसाच्या मनांत जें उसळतें त्याला कवींनीं फार पूर्वींपासून शब्द शोधले आहेत, एवढेंच सांगावयाचें आहे.

आतां रात्रीकडे वळूं. दिवसभर धूळ खाल्लेला हा समाज जेवण उरकून कनातींच्या मंडपांत येतो. रात्रीं उशिरां पडदा वर जातो, आणि खेळ संपतो तेव्हां बहुधा पूर्वेकडे उजाडूं लागलेलें असतें. हंगामांत या नाटकमंडळ्यांचें मुख्य ठाणें म्हणजे देसाईगंज, ज्याला लोक वडसा म्हणतात. गांवोगांवचीं मंडळें तेथें येऊन आपल्या तारखेचें नाटक ठरवून जातात. कांहीं नट शेतकरी आहेत, कांहीं शिक्षक, आणि कित्येक नट-नटी आमच्या नागपुरांतूनच तिकडे जातात. २०२३ साली या रंगभूमीवरील नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हां शहरांतील पुष्कळांना या नाट्यसृष्टीचें नांव प्रथमच ऐकूं आलें. तिच्या मागें दंडार, खडी गंमत यांसारख्या लोकनाट्यांची मोठी पुण्याई आहे, आणि डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकानें झाडीबोलीचें हें धन मोठ्या निष्ठेनें गोळा केलें आहे.

नाटकांचें स्वरूप थोडक्यांत असें असतें. दारूनें उध्वस्त झालेला संसार, कर्जानें गांजलेला शेतकरी, हुंड्यासाठीं छळलेली सून, शहरांत जाऊन आईबापांना विसरलेला मुलगा, यांपैकीं एखादें सूत्र घेतात. त्यांत एक खलपुरुष, एक सोशीक माता, एक विनोदी जोडपें आणि मधून मधून गाणीं व नाच यांची भर घालतात. शेवटीं खलपुरुषास शासन होतें, चुकलेला मुलगा पायांवर लोळण घेतो, आणि सज्जनांच्या डोळ्यांत पाणी येतें. शहरी टीकाकार येथेंच नाक मुरडतो. ‘सर्व ठरलेलें आहे,’ तो म्हणतो. ‘पहिल्या अंकांत शेवट कळतो.’

ही टीका खरी आहे, पण ती करणाऱ्यानें त्याच लोकांना त्याच दिवशीं दुपारीं पाहिलेलें नसतें. पटाच्या वाटेवर काय घडतें? तेथें निकाल कोणालाही ठाऊक नसतो. वर्षभराचे कष्ट एका ठेंचेनें वायां जातात. गरिबानें पोटास चिमटा घेऊन वाढविलेली जोडी हरते आणि ज्याच्या खिशांत पैका आहे त्याची विकत घेतलेली जोडी जिंकते. कधीं उलटही होतें. त्या निकालांत न्याय नसतो, असतो तो केवळ वेग. आणि त्या निकालावर दाद मागण्याची सोय नाहीं. ज्यांनीं सबंध दिवस न्यायावांचूनची अनिश्चितता पाहिली, आणि ज्यांचा सगळा वर्षाचा व्यवहार पाऊस, तुडतुडा आणि धानाचा भाव यांच्या अशाच अनिश्चिततेवर चालतो, त्यांना रात्रीं अनिश्चितता नको असते, न्याय हवा असतो. पटांत न्याय नाहीं आणि नाटकांत अनिश्चितता नाहीं; दोन्ही मिळून त्या माणसाचा एक पुरा दिवस होतो. ‘शेवट आधींच कळतो’ हा या नाटकांचा दोष नसून प्रेक्षकाशीं केलेला करार आहे, हें एकदां लक्षांत घेतलें म्हणजे अर्धी टीका गळून पडते.

हाच विचार लांबीलाही लागू पडतो. रात्रभर चालणारें नाटक आम्हां घड्याळाच्या गुलामांना पाल्हाळिक वाटतें. पण ज्या समाजानें दुपारीं कांहीं सेकंदांच्या खेळावर जीव ओंवाळून टाकला, तो रात्रीं वेळाची चैन मागतो. आणखी एक साधें कारण आहे: दूरच्या गांवांहून आलेल्या पाहुण्यांना रात्रीं परत जातां येत नाहीं. घरांत जागा थोडी आणि थंडी फार. पहांटेपर्यंत चालणारें नाटक हें त्या पाहुण्यांचें बिऱ्हाडच असतें. कलेचे पुष्कळ नियम अशाच व्यवहाराच्या पोटीं जन्मले आहेत. अथेन्स येथें डायोनिससच्या उत्सवांत दिवस दिवस बसून लोकांनीं शोकांतिका पाहिल्या, आणि त्या शोकांतिका स्पर्धेसाठींच लिहिलेल्या होत्या. उत्सवाची गर्दी आणि अस्सल नाट्य यांचें वांकडें असतें असें त्यावरून तरी दिसत नाहीं.

उरलेल्या अर्ध्या टीकेबद्दल मात्र आम्ही कोणाची गय करूं इच्छीत नाहीं. पहिला आक्षेप तालमींचा. पुष्कळ नट हंगामांत इतकीं नाटकें करतात कीं पाठांतरास सवड मिळत नाहीं, आणि पडद्यामागून सांगणाऱ्याच्या आवाजावर प्रवेश चालतो. कसलेल्या नटास हें साधतें. कानांत आलेलें वाक्य तो असें उचलतो कीं जणूं तें त्याच्याच हृदयांतून निघालें. पण नवख्याच्या तोंडीं वाक्य येण्यापूर्वीं तें पहिल्या रांगेस ऐकूं येतें, आणि मग दुःखाच्या प्रसंगींही हंसूं आवरत नाहीं. दुसरा आक्षेप नाचांचा. पटाच्या गर्दींतील कांहीं तरुण जो आरडाओरडा दुपारीं जोडीसाठीं करतात तोच रात्रीं नर्तकीसाठीं करतात, आणि मंडळ्या त्यांच्यापुढें मान तुकवितात. मुलीच्या मृत्यूचा प्रवेश अर्धा टाकून गाणें पुन्हां होतें. येथें नाटकानें पटाची नक्कल केली आहे, पण चुकीच्या जागीं. पट एकदांच धांवतो. तेथें ‘वन्स मोअर’ नसतो, आणि म्हणूनच त्याची शान आहे.

तिसरा आक्षेप आम्हांस सर्वांत गंभीर वाटतो. आम्हीं पाहिलेल्या बहुतेक नाटकांत नायक, नायिका आणि सज्जन पिता छापील पुस्तकी मराठी बोलतात. झाडीबोली येते ती नोकराच्या किंवा विदूषकाच्या तोंडीं. म्हणजे ज्या भाषेंत प्रेक्षक जन्मला, ज्या भाषेंत तो आपल्या बैलाशीं बोलतो, ती भाषा त्याच्याच मंडपांत हंसण्यासाठीं वापरली जाते. दुपारीं पटाच्या वाटेवर त्याच बोलींत आर्जव, शिवी, आशीर्वाद आणि विलाप ऐकूं येतात. ती बोली सर्व रस पेलूं शकते याचा पुरावा चार हातांवर असतां नाटककारानें ती केवळ विनोदास द्यावी, ही दृष्टीची दरिद्रता होय. अभिमानाच्या गोष्टी बोलणाऱ्यांनीं प्रथम या जागीं अभिमान दाखवावा.

येथवर आम्हीं पटास नाटकाची किल्ली म्हटलें. पण ती किल्ली कोणाच्या जिवावर घडविली आहे, हा प्रश्न टाळून पुढें जातां येत नाहीं. आणि या प्रश्नावर आमचें स्वतःचें मत बदललें आहे, तें कबूल करणें प्राप्त आहे.

७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें जल्लिकट्टु आणि बैलांच्या शर्यती बंद केल्या. बैल हा ओझें ओढणारा प्राणी आहे, त्याच्या शरीराची घडण धांवण्याच्या स्पर्धेसाठीं नाहीं, आणि भय व वेदना यांवांचून तो तसा धांवत नाहीं, असा त्या निर्णयाचा आशय होता. २०१७ साली महाराष्ट्रानें कायद्यांत दुरुस्ती केली, परंतु उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळें ती अमलांत येऊं शकली नाहीं. १६ डिसेंबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अटींसह शर्यतींस वाट दिली, आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायाधीशांच्या घटनापीठानें राज्यांचे दुरुस्ती कायदे वैध ठरविले. अमुक गोष्ट संस्कृतीचा भाग आहे कीं नाहीं हें ठरविणें विधिमंडळाकडे सोडावें, असें त्या पीठाचें म्हणणें पडलें. नव्या नियमांत जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, धांव १००० मीटरच्या आंत ठेवावी लागते, आणि काठी, चाबूक वा टोंचणी वापरतां येत नाहीं.

२०१४ च्या बंदीच्या वेळीं आम्ही मित्रमंडळींत मोठ्या आवेशानें तिच्याविरुद्ध बोललों होतों. पट गेला कीं मंडप गेला, मंडप गेला कीं नाटक गेलें, असा आमचा युक्तिवाद होता. तो पुढील सात वर्षांनीं खोटा पाडला. पट बंद राहिले. मंडई भरत राहिली, आणि नाटकेंही होत राहिलीं. रंगभूमीचा पडदा खरोखर पडला तो २०२० साली, आणि तो साथीमुळें, बैलांमुळें नव्हे. नाटकाचा जन्म पटाच्या अंगणांत झाला हें खरें असलें तरी तें आपल्या पायांवर चालूं शकतें, हें त्या वर्षांनीं सिद्ध केलें. म्हणून ‘नाटकासाठीं पट हवा’ हें वाक्य आम्ही परत घेतों. पटाला आतां स्वतःच्याच गुणांवर उभें राहावें लागेल.

दुसरी गोष्ट युक्तिवादाची नाहीं, डोळ्यांनीं पाहिलेली आहे. बंदीपूर्वींच्या एका हिवाळ्यांत भंडारा जिल्ह्यांतील एका गांवीं आम्ही नाटकास गेलों होतों. दुसऱ्या अंकाच्या सुमारास थंडी सोसेना म्हणून चहाच्या शोधांत बाहेर आलों. कनातीच्या मागें, झाडाखालीं, एक म्हातारा धुरकरी कंदील ठेवून बसला होता. त्याची जोडी दुपारीं पहिल्याच फेरींत हरली होती. तो एका बैलाचे पाय चोळीत होता आणि आंत चाललेलें नाटक कानांनीं ऐकत होता. मातेचा विलाप सुरू झाला तेव्हां त्याचा हात थांबला. ‘आंत कां बसत नाहीं, बाबा?’ असें विचारतां तो म्हणाला, ‘याले सोडून कसा जाऊ?’ कंदिलाच्या उजेडांत बैलाच्या मांडीवर आर लावलेल्या तुतारीच्या खुणा ओळीनें दिसत होत्या. त्या खुणा ज्या हातानें केल्या तोच हात आतां तेल लावीत होता. तेव्हां आम्ही चहा घेऊन आंत परतलों, आणि त्या दृश्याला ‘शेतकऱ्याची माया’ असें नांव देऊन मोकळे झालों. बंदीच्या वर्षांत तें दृश्य पुन्हां पुन्हां आठवलें, आणि त्याचें दुसरें अर्धें आम्ही सोयीस्करपणें गाळलें होतें हें ध्यानीं आलें. माया खरी होती, आणि खुणाही खऱ्या होत्या.

या दोन सत्यांना एकत्र धरणारी कला कोणती, असें कोणी विचारील तर आम्ही कालिदासाकडे बोट दाखवूं. ज्या शाकुंतलाच्या मराठी अवतारानें १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनीं आपली संगीत रंगभूमि उभी केली, त्या मूळ नाटकाचा पहिला अंक धांवत्या रथानें उघडतो. राजा हरिणाच्या मागें लागला आहे. घोडे वाऱ्यासारखे उधळले आहेत. दूरचें जवळ आणि वांकडें सरळ दिसत आहे. वेगाचा आनंद कालिदासानें पोटभर भोगला आहे, त्यांत कोठेंही ढोंगी संकोच नाहीं. आणि ऐन वेगांत तापस आडवा येऊन सांगतो कीं हा मृग आश्रमाचा आहे, याला मारूं नये. राजा बाण परत घेतो. पुढें आश्रमांत पाऊल टाकण्यापूर्वीं तो सारथ्यास घोड्यांच्या पाठी भिजवून त्यांना थंड करण्यास सांगतो. रथ, निषेध आणि घोड्यांची काळजी या तीन गोष्टी घडल्यानंतरच शकुंतला दिसते. वेगाचा मोह आणि त्याला थांबविणारा हात, दोन्ही कवीनें एकाच अंकांत ठेविले. एकासाठीं दुसऱ्याचा बळी दिला नाहीं.

झाडीपट्टीच्या नाटककाराजवळ ही सामग्री कालिदासापेक्षां अधिक जवळ आहे. तरी आम्हीं पाहिलेल्या नाटकांत पट कोठेंही नाहीं. कर्ज आहे, दारू आहे, हुंडा आहे. ज्याच्या निमित्तानें हजारों माणसें जमलीं तो बैल मात्र कनातीबाहेर उभा आहे. धांवता पट रंगमंचावर कसा आणावा ही अडचण कोणी सांगूं नये. सोफोक्लीसनें ‘इलेक्ट्रा’ नाटकांत रथांची सबंध शर्यत एका म्हाताऱ्याच्या तोंडून सांगविली आहे. ती हकीकत बनावट आहे हें प्रेक्षकास ठाऊक असतें, ऐकणाऱ्या बहिणीस ठाऊक नसतें. आणि न घडलेल्या शर्यतीवर ती रडते तेव्हां प्रेक्षक तिच्यासाठीं कासावीस होतो. बोलण्याचें सामर्थ्य असेल तर रंगमंचावर एकही बैल लागत नाहीं. एक म्हातारा धुरकरी, एक कंदील, आणि त्याची स्वतःची झाडीबोली एवढें पुरे आहे.

राहतां राहिला पट. परंपरा म्हणून तो राखावा, हें म्हणणें आम्हांस पुरेसें वाटत नाहीं. ज्या रंगभूमीवर पुरुष स्त्रियांचीं कामें करीत तेथें स्त्रिया आल्या, गॅसबत्तीच्या जागीं वीज आली, आणि तरी ती झाडीपट्टीचीच राहिली. परंपरा जर एवढें बदलूं शकते तर ती हातांतली तुतारी खालीं ठेवूं शकते. कायद्यानें टोंचणीस मनाई केली आहे. परंतु कायद्याचा शिपाई प्रत्येक वाटेवर उभा राहूं शकत नाहीं, प्रेक्षक मात्र प्रत्येक वाटेवर उभा असतो. खूण दिसलेल्या जोडीला ज्या दिवशीं टाळी मिळणार नाहीं, त्या दिवशीं पट आपला निकाल आपणच लावील. टोंचल्यावांचून बैल धांवतच नाहीं असें जर त्यानंतर ठरलें, तर न्यायालयानें २०१४ साली सांगितलें तें खरें होतें, असें आम्हांस म्हणावें लागेल. आणि मग पोळ्याला पूजावयाचा बैल आणि तान्ह्या पोळ्याचा लांकडी बैल, एवढ्यांवरच समाधान मानण्याची आमची तयारी असली पाहिजे.

टीकाकारानें नाटकाविषयीं लिहावें, बैलाची चौकशी कशाला, असें आमच्या कांहीं मित्रांस वाटेल. परंतु ज्या रात्रींचा आम्ही गौरव करतों ती कोणत्या दिवसानें विकत घेतली, हें पाहिल्यावांचून तिचें मोल ठरवितां येत नाहीं. येत्या हंगामांत जे रसिक नागपुराहून वडशाकडे जातील त्यांना आमची एवढीच विनंति आहे कीं त्यांनीं दुपारींच निघावें, पट पाहावा, आणि मंडपांत शिरण्यापूर्वीं एकदां कनातीच्या मागच्या बाजूस जाऊन यावें.